विद्यापीठाचं ऑनलाइन खातं स्वतःच्या हातात ठेवा: कोकणातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की महिन्याभरात तुमच्या नावावर चार-पाच ऑनलाइन खाती तयार होतात. विद्यापीठाचं विद्यार्थी पोर्टल, महाविद्यालयाचा ई-मेल, सरकारी कागदपत्रं ऑनलाइन ठेवायचं डिजिलॉकर, अपार म्हणजे विद्यार्थ्याचा कायम शैक्षणिक ओळख क्रमांक, शिष्यवृत्ती हवी असेल तर राज्य सरकारचं महाडीबीटी पोर्टल. मग तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात असा, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असा, दापोलीच्या कृषी विद्यापीठात असा किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात. तुमचे गुण, फी, आधार, बँक खातं, सगळं या खात्यांना बांधलेलं असतं. आणि तरी नव्या मुलांना विचारलं की खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, तर उत्तर येतं, "दादाचा असेल," किंवा "फॉर्म भरला त्यांना माहीत."

मी बरीच वर्षं महाविद्यालयाच्या संगणक कक्षात नव्या मुलांना लॉगिन करून देण्याच्या कामात आहे. "सर, माझं खातं हॅक झालं" म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हॅकर कुठेच नसतो. खातं दुसऱ्याच्या नंबरवर उघडलेलं असतं, तो नंबर बंद पडलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठ लॉगिनची पद्धत बदलतं. बाकीचे येतात ते "खातं बंद होणार" अशा खोट्या सूचनेला बळी पडलेले. दोन्ही गोष्टी टाळता येतात. खालची कामं सुरुवातीलाच उरका. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, बाहेर पाऊस कोसळतोय आणि लाईट गेलीय, अशा वेळी ती होत नाहीत.

बसण्याआधी जवळ काय हवं

- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत. हा नंबर आई-वडिलांचा असेल तर तो फोन जवळ हवा, कारण ओटीपी त्यावरच येणार.
- प्रवेशाची पावती आणि महाविद्यालयाचं ओळखपत्र.
- पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. तो मिळाला नसेल तर कार्यालयात विचारा, अंदाजाने भरू नका.
- अपार क्रमांक. तो १२ अंकी असतो आणि डिजिलॉकरमध्ये सापडतो. आधारही १२ अंकीच असतो, त्यामुळे एकाच्या रकान्यात दुसरा भरला जातो. हे वारंवार होतं.
- एक वही आणि पेन. फोन नव्हे, वहीच. कारण पुढे येईल.

१. खातं कुणाच्या नंबरवर आहे ते आधी शोधा

आपल्याकडे प्रवेशाचा फॉर्म बहुतेक वेळा बाजारपेठेतल्या नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो. घरी रेंज नसते, प्रिंटर नसतो, आणि केंद्रावरच्या माणसाला फॉर्मची सवय असते. त्यात वाईट काही नाही. पण गर्दीच्या दिवसांत वेळ वाचवण्यासाठी काही जण ई-मेलच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकतात, मोबाइलच्या रकान्यात तुमच्याबरोबर आलेल्या मामाचा. पासवर्ड सगळ्यांना एकच. फॉर्म जातो, सगळे खूश. सहा महिन्यांनी पासवर्ड बदलायची वेळ येते तेव्हा त्याचा दुवा (लिंक) जातो कॅफेवाल्याच्या ई-मेलला.

म्हणून पहिलं काम हे. प्रत्येक पोर्टलवर लॉगिन करा, प्रोफाइल उघडा, ई-मेल आणि मोबाइल वाचा. तुमचे नसतील तर आजच बदला. पोर्टल बदलू देत नसेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगून विसंबू नका, प्रवेशाच्या काळात टेबलावर शेकडो कागद असतात.

मोबाइल नंबर निवडताना आणखी एक विचार करा. गावात एका कंपनीची रेंज, वसतिगृहात दुसरीची, म्हणून मुलं सिम बदलत राहतात. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर कंपनी काही काळाने काढून घेते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. खात्यांना जोडलेला नंबर एकच ठेवा आणि तो चालू ठेवा. कंपनी बदलायची तर नंबर तोच ठेवून पोर्ट करा.

२. पासवर्ड बदला, तोही स्वतःच्या फोनवरून

सुरुवातीचा पासवर्ड बहुधा जन्मतारीख किंवा पीआरएनवरून बनवलेला असतो. म्हणजे वर्गातल्या कोणालाही तो काढता येतो. पहिल्याच लॉगिनला बदला.

लांब पासवर्ड कठीण पासवर्डापेक्षा चांगला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, मध्ये एखादा आकडा आणि चिन्ह टाका. गावाचं नाव, देवीचं नाव, गाडीचा नंबर नको. ई-मेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नका, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. सगळे लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात साठवणारं अॅप, वापरा. तेही नको असेल तर वहीत लिहा आणि वही घरी ठेवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्यापेक्षा वही सुरक्षित.

मित्राला निकाल बघायला पासवर्ड देऊ नका, आणि मित्राचा मागूही नका. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. "सहज गंमत केली" हे तिथे चालत नाही.

३. दुसरं कुलूप लावा, आणि ते बिनरेंजचं निवडा

पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी लागते, तिला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. अनेक संस्थांनी ती आता सक्तीची केली आहे. इथे बहुतेक जण एसएमएसचा ओटीपी निवडतात आणि कोकणात तिथेच फसतात. खाडीच्या कडेच्या वाडीत किंवा घाटाखालच्या गावात वायफायवर इंटरनेट असतं, पण मोबाइलला रेंज नसते. ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. मग मुलं फोन घेऊन रेंजसाठी टेकाड चढतात.

याला सोपा उपाय आहे. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचं ऑथेंटिकेटर अॅप घ्या. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन क्यूआर कोड एकदा स्कॅन केला की अॅप दर ३० सेकंदांनी सहा अंकी आकडा दाखवत राहतं. हा आकडा फोनमध्येच तयार होतो, त्यासाठी ना रेंज लागते ना इंटरनेट. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. तारीख-वेळ "आपोआप" वर ठेवा. कोड बरोबर टाकूनही चुकीचा दाखवतोय अशी तक्रार आली की मी आधी घड्याळच बघतो.

आता वहीचं काम. गूगल खात्यात "बॅकअप कोड" मिळतात, आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते हाताने वहीत उतरवा आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. एक वसतिगृहात, एक घरी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, उंचावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा फोन, लॅपटॉप, कागद एकाच रात्री गेले. अशा वेळी दुसऱ्या गावात ठेवलेला एक कागद तुमचं खातं परत उघडून देतो. कोडचा फोटो मात्र गॅलरीत ठेवू नका. गॅलरी बघायची परवानगी आपण कितीतरी अॅपना देऊन बसलेले असतो.

मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करताना संगणकाच्या पडद्यावर दोन अंकी आकडा येतो आणि तो फोनमध्ये टाकायचा असतो. तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर अशी विचारणा आली, तर कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे. "नाकारा" दाबा आणि पासवर्ड बदला. कंटाळून "मंजूर" दाबायचं नाही, समोरचा त्याचीच वाट बघत असतो.

४. "सेवा बदलत आहे" ही सूचना खरी की खोटी

हा भाग नीट वाचा, कारण फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. विद्यापीठाच्या सेवा खरोखरच बदलत असतात, म्हणून खोटी सूचना खरी वाटते.

खऱ्या सूचना साधारण तीन प्रकारच्या. पहिली देखभालीची: अमुक तारखेला अमुक वेळेत पोर्टल बंद राहील. यात तुम्हाला करायचं काही नसतं, फक्त त्या वेळात फॉर्म भरायला बसायचं नाही.

दुसरी स्थलांतराची: ई-मेल किंवा पोर्टल नव्या यंत्रणेवर जातंय, लॉगिनचं पान बदलेल, पासवर्ड नव्याने करावा लागेल.

तिसरी मर्यादेची किंवा मुदत संपल्याची. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये संपवली आणि एका संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. तेव्हापासून संस्था विद्यार्थ्यांच्या वाट्याची जागा कमी करत आल्या आहेत. तसंच विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतनं (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुना लॅपटॉप विकत घेतला असेल तर विंडोज कोणती आहे ते बघा. ११ वर जात असेल तर न्या. जात नसेल तर मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती तरी घ्या. बिनअद्यतनाच्या यंत्रावर बँकेचं काम नको.

आता खोटी सूचना. "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत पडताळणी करा नाहीतर खातं कायमचं बंद." खाली दुवा, दुव्यावर हुबेहूब लॉगिनचं पान. पान हुबेहूब आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही, कुठल्याही पानाची नक्कल थोड्या वेळात होते. बघायचा तो पत्ता. सुरुवातीचं "https://" सोडून पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते वाचा, उजवीकडून डावीकडे. मुंबई विद्यापीठाचं संकेतस्थळ एमयू डॉट एसी डॉट इन इथे संपतं. "एसी डॉट इन" ही शेपटी भारतात शिक्षणसंस्थांनाच मिळते, ती अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, वाटेल त्याला विकत घेता येत नाही. म्हणून फसवणारे काय करतात? विद्यापीठाचं नाव आणि एसी डॉट इन सुरुवातीला लिहितात आणि पुढे चिकटवतात "डॉट लॉगिन-तपासणी डॉट टॉप". घाईत डोळा सुरुवातीवरच थांबतो. खरा मालक शेवटच्या तुकड्यात असतो.

मेलचं लॉगिन मात्र गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावर होतं, तिथे एसी डॉट इन दिसणार नाही. त्यामुळे सर्वांत भरवशाची सवय ही: सूचनेतल्या दुव्यावर जायचंच नाही. ब्राउझर उघडा, नेहमीचा पत्ता स्वतः टाका किंवा साठवलेल्या खुणेवरून (बुकमार्क) जा. सूचना खरी असेल तर तीच संकेतस्थळाच्या सूचनाफलकावरही असेल.

आणि विचारा. आपली महाविद्यालयं लहान आहेत, संगणक कक्षातल्या माणसाला तुम्ही नावाने ओळखता, दुपारच्या सुट्टीत जाऊन विचारता येतं. मुंबईतल्या मोठ्या महाविद्यालयातल्या मुलाला ही सोय नसते. "एवढं कसं कळत नाही" असं कुणी म्हणेल म्हणून मुलं, विशेषतः मुली, विचारत नाहीत. या बाबतीत विचारणारा कधीच बावळट नसतो. एकाने विचारलं की अख्ख्या वर्गाला सावध करता येतं.

५. वर्गाच्या ग्रुपवर येणारे सापळे

*एपीके फाइल.* निकाल, वेळापत्रक, शिष्यवृत्ती यादी या नावाने व्हॉट्सअॅपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी "एपीके" असतं. वेळापत्रक पीडीएफमध्ये येतं. एपीके हे अॅप आहे. ते बसवलं की तुमचे एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. फाइल वर्गमित्राच्या नंबरवरून आली म्हणून खरी नव्हे, त्याच्या फोनमध्ये ते आधीच शिरलेलं असतं. चुकून बसवलंत तर फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

*फी कापली, पावती नाही.* देखभालीच्या वेळेत किंवा वीज गेल्यावर हे हमखास होतं. लगेच पुन्हा पैसे भरू नका, आणि गूगलवर "कस्टमर केअर" शोधून फोन तर मुळीच करू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला व्यवहार अर्धवट राहिला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. शेवटची तारीख तोंडावर असेल तर कार्यालयात व्यवहार क्रमांक घेऊन जा.

*शिष्यवृत्ती मंजूर झाली.* पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. महाडीबीटीची रक्कम आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते, त्यासाठी कुणी फोन करून ओटीपी मागत नाही.

*खातं वापरायला द्या, कमिशन घ्या.* हा सापळा मला सर्वांत घातक वाटतो, कारण यात मूल फसवलं जातं आणि पोलिसांच्या कागदावर आरोपी होऊन बसतं. टेलिग्रामवर किंवा एखाद्या ओळखीच्याकडून विचारणा येते: तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, तुला काही टक्के. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. त्या माणसाने तक्रार केली की पोलिसांचा माग पहिल्यांदा तुमच्या खात्याशी येतो. खातं गोठवलं जातं आणि त्यात आंब्याच्या पेट्यांचे घरचे पैसे असतील तर तेही अडकतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका. आते-मामे भावालाही नाही.

६. नेट कॅफे आणि प्रयोगशाळेतला संगणक

थोडक्यात सांगतो. ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडून काम करा. "पासवर्ड जतन करू का" याला नाही म्हणा. डाउनलोड केलेलं आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला काम झाल्यावर फोल्डरमधून काढा आणि कचरापेटीही रिकामी करा. कॅफेच्या संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडून कागद पाठवले असतील तर फोनमध्ये "जोडलेली उपकरणं" बघून ते तोडा. कित्येकांचं व्हॉट्सअॅप कॅफेत आठवडेच्या आठवडे उघडं असतं.

आधारची प्रत द्यावी लागली तर जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

७. फोन हरवला तर

एसटीत, होडीत, जत्रेत फोन जातोच. आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्या. मग वहीतल्या बॅकअप कोडने ई-मेलमध्ये शिरा, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा आणि पासवर्ड बदला. पोलिसांत तक्रार द्या आणि तिच्या प्रतीसह सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोन यंत्राचा स्वतःचा क्रमांक लागतो. तो आत्ताच *#०६# डायल करून बघा आणि वहीत लिहा, फोन गेल्यावर तो सापडत नाही. याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

८. फसलात असं वाटलं की पहिल्या तासात

घरी काय सांगू या विचारात मुलं रात्र घालवतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडून जातात. क्रम असा ठेवा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते.

मग बँक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक स्वतःची असली तरी लगेच कळवण्यातच फायदा आहे. कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

ई-मेलचा पासवर्ड गेला असेल तर नुसता बदलून भागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा: खातं परत मिळवण्यासाठी दिलेला (रिकव्हरी) नंबर आणि ई-मेल कुणी बदललाय का, मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पुढे जातोय का, आणि अनोळखी फिल्टर, म्हणजे मेल आपोआप हलवणारा किंवा लपवणारा नियम, घातलाय का. आत शिरलेला माणूस बऱ्याचदा असा मार्ग करून ठेवतो, मग पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्याला मिळत राहतात. शेवटी संगणक कक्षाला कळवा. तुमच्या पत्त्यावरून वर्गातल्या इतरांना खोटे मेल गेलेले असू शकतात.

९. शेवटच्या वर्षाला

पदवी झाली की महाविद्यालयाचा ई-मेल बहुतेक ठिकाणी काही काळाने बंद होतो. त्यावर बँक, नोकरीचे अर्ज, डिजिलॉकर जोडलं असेल तर निकालाच्या आधीच स्वतःच्या ई-मेलवर वळवा. ड्राइव्हमधले प्रकल्प, प्रयोगवह्या, फोटो गूगलच्या टेकआउट सोयीने एकत्र उतरवता येतात. फाइल मोठी असते, घरच्या नेटवर दोन दिवसही लागतील, म्हणून हे काम महाविद्यालयाच्या वायफायवर करा, आणि पेनड्राइव्ह घरून घेऊन या.